बारमाही सर्दी, सकाळच्या शिंका, चोंदलेलं नाक: नाकाच्या ॲलर्जीचं नक्की काय करायचं

दुकानात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "ताई, सर्दीचं काहीतरी द्या ना, नाक पार बंद झालंय". मी फार्मासिस्ट आहे, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल आहे आमचं. डॉक्टर नाहीये त्यामुळे तुमचं निदान मी करणार नाही, पण तेच तेच चेहरे जूनमध्ये येतात, ऑक्टोबरमध्ये येतात, परत फेब्रुवारीत येतात आणि दर वेळी तीच ड्रॉपची बाटली नाहीतर दोन गोळ्या घेऊन जातात हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच जणांना सर्दी नसतेच, नाकाची ॲलर्जी असते, आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत, फक्त ते कसे घ्यायचे हे कुणी बसून सांगत नाही. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

आधी ओळखा, सर्दी आहे की ॲलर्जी

व्हायरसची साधी सर्दी असली की आधी घसा खवखवतो, अंग मोडून येतं, कधी बारीक ताप येतो, नाक दोन दिवस पाण्यासारखं गळतं मग घट्ट होतं आणि ७ ते १० दिवसांत विषय संपतो. बहुतेक वेळा घरात किंवा शाळेत अजून कुणालातरी झालेली असते.

ॲलर्जीत ताप येत नाही. तिची मोठी खूण म्हणजे खाज. नाकात खाज, डोळ्यांत खाज, टाळूला खाज (जिभेने टाळू खरवडत बसतात लोक), कानाच्या आत खाज. सकाळी पांघरुणातून बाहेर पडल्या पडल्या एकामागून एक शिंका, नाकातून निव्वळ पाणी, मग नाक चोंदतं, दुपारपर्यंत जरा बरं आणि रात्री आडवं झालं की पुन्हा बंद. लहान मुलं तळहाताने नाक खालून वर चोळत राहतात, इतकं की काहींच्या नाकावर आडवी रेघ पडते, डोळ्यांखाली काळसर दिसायला लागतं आणि आई म्हणते पोराची झोप होत नाहीये. झोप खरंच होत नसते कारण पोरगं तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतं. घरात कुणाला दमा असेल, इसब असेल, अंगावर गांधी उठत असतील तर शंका अजून पक्की.

तिसरा पण एक प्रकार आहे जो सगळे विसरतात. उन्हातून एसीत गेलं की नाक सुरू, कुणी सेंट मारून शेजारी बसलं की सुरू, तांबडा रस्सा किंवा झणझणीत मिसळ खाताना नाक गळतंय, पण खाज नाही, डोळे पण ठीक. ही ॲलर्जी नाही, नाकाच्या नसा जरा जास्त हळव्या असतात, टेस्ट केली तरी सगळं निगेटिव्ह येतं. अशांना ॲलर्जीच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही आणि मग ते म्हणतात कुठलंच औषध लागू पडत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि ॲझेलास्टिन नावाच्या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे यांना बरा पडतो, पण ते डॉक्टर ठरवतील.

आणि दोन गोष्टी आपल्याकडे फार ऐकू येतात, "मला सायनस आहे" आणि "नाकाचं हाड वाढलंय". नाकाचा मधला पडदा थोडा वाकडा असणं इतकं कॉमन आहे की एक्स-रे किंवा सीटी काढला की बऱ्याच जणांचा तसाच निघतो. तो सरळ केला तर श्वासाची वाट मोकळी होते, काहींना त्याची खरंच गरजही असते, पण ऑपरेशनने ॲलर्जी जात नाही, शिंका आणि खाज तशाच राहतात. मास वाढलंय म्हणतात ते तर पुष्कळदा ॲलर्जीनेच सुजलेलं असतं. म्हणून खाज-शिंका हा मुख्य त्रास असेल तर ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी नीट, रोज, दोन-तीन महिने औषधोपचार झालेत का हे स्वतःला विचारा.

आत काय होतं ते थोडक्यात

धुळीतले किडे, परागकण, बुरशी असल्या निरुपद्रवी गोष्टीला आपलं शरीर शत्रू समजतं आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं बनवतं. ती नाकातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण नाकात गेला की या पेशींमधून हिस्टामिन बाहेर पडतं आणि काही मिनिटांत खाज, शिंका, पाणी सुरू. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण साधारण ४ ते ८ तासांनी दुसरी लाट येते, तेव्हा सूज आणणाऱ्या दुसऱ्या पेशी नाकात जमा होतात आणि नाक चोंदायला लागतं, आणि ही सूज रोज रोज होत राहिली की नाक इतकं चिडकं होतं की मग साधी उदबत्ती सुद्धा सहन होत नाही. हे लक्षात ठेवा कारण कुठलं औषध कशावर चालतं ते यावरूनच कळतं: गोळी हिस्टामिनला अडवते म्हणजे शिंका आणि खाज थांबवते, चोंदलेपणावर ती कमी पडते. सूज उतरवायचं काम नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे करतो.

तुम्हाला कशाची आहे?

यासाठी सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे एक वही, किंवा फोनमधलं कॅलेंडर. त्रास कधी वाढतो, कुठे वाढतो, काय केल्यावर वाढतो एवढंच महिनाभर लिहा.

वर्षभर आणि सकाळी जास्त असेल तर पहिला संशय घरातल्या धुळीच्या किड्यांवर. हे डोळ्यांना दिसत नाहीत, गादी, उशी, गोधडी, सोफा, टेडी यांच्यात राहतात आणि आपल्या अंगाच्या गळलेल्या कातडीवर जगतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. पाणी ते हवेतल्या ओलाव्यातून घेतात म्हणून दमट हवेत वाढतात, मुंबई कोकणात म्हणून हा त्रास जास्त चिवट.

जून ते सप्टेंबर वाढत असेल आणि भिंतीला ओल येत असेल, कपाट उघडलं की कुबट वास येत असेल तर बुरशी. पावसाळ्यात ओले कपडे घरातच वाळत घालतो त्याने घरातला ओलावा अजून वाढतो, शक्य असेल तर ज्या खोलीत झोपता तिथे तरी दोरी बांधू नका.

पावसाच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत वाढत असेल तर गवतं आणि गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस म्हणतो. हे मूळचं अमेरिका खंडातलं, भारतात १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता बांधावर, रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर सगळीकडे तेच. त्याने नाकाची ॲलर्जी होते आणि कातडीला लागलं तर अंगावर चट्टेही उठतात, त्यामुळे उपटायचं तर फुलायच्या आधी, आणि हातमोजे मास्क घालूनच. याच काळात सोयाबीनची मळणी असते, मशीनजवळ उभं राहिलेल्या माणसाचं नाक दोन दिवस ठिकाणावर येत नाही. एन ९५ मास्क लावा, रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. पिठाची गिरण, जिनिंग, साखर कारखान्याचा बगॅस (उसाचा वाळलेला चोथा) इथे काम करणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी त्रास कमी होतो का हे आवर्जून बघा, होत असेल तर कामाच्या जागेचंच कारण आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढणारा त्रास झाडांच्या परागकणांचा असू शकतो, वावळ, वेडी बाभूळ वगैरे. इथे एक गैरसमज आहे, लोक जास्वंद आणि गुलाबाला दोष देतात. रंगीत मोठ्या फुलांचे परागकण जड आणि चिकट असतात, ते माशा-फुलपाखरं नेतात. त्रास देतात ते वाऱ्यावर उडणारे, म्हणजे ज्यांची फुलं आपल्या लक्षातही येत नाहीत असली गवतं आणि झाडं.

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत, गणपतीचं मखर माळ्यावरून काढताना जे होतं ते तर सांगायलाच नको. ॲलर्जीवाल्या माणसाने माळा झाडू नये, घरातल्या दुसऱ्याने झाडावा, हे ठणकावून सांगा घरी. झुरळं हेही मोठं कारण आहे, विशेषतः जुन्या चाळी आणि बिल्डिंगमध्ये, पण त्यासाठी घरभर स्प्रे मारला तर त्या वासानेच नाक पेटतं, त्यापेक्षा जेल लावा. मांजर असेल तर तिच्या लाळेतून आणि कातडीतून येणारी ॲलर्जी मांजर दुसरीकडे दिल्यावरही घरात महिनोन्महिने राहते.

आणि दही, केळं, पेरू, थंड पाणी? मुलांचं हे सगळं बंद करून टाकतात आणि सर्दी तशीच. खाण्याच्या ॲलर्जीने फक्त नाकालाच बारमाही त्रास होतोय असं फार क्वचित असतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी लगेच ओठ सुजणं, गांधी उठणं, उलटी असं होत असेल तर तो पदार्थ बंद आणि डॉक्टरकडे. नाहीतर पोराला केळं खाऊ द्या.

घरात काय बदलायचं

सगळं घर निर्जंतुक करायच्या मागे लागू नका, झोपायची खोली पकडा कारण दिवसातले सात-आठ तास नाक तिथेच असतं. चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, किडे मरायला ६० अंशांचं पाणी लागतं, गार पाण्याने ॲलर्जीचा अंश धुऊन निघतो पण किडे सगळे मरत नाहीत. गाद्या, गोधड्या कडक उन्हात टाकायची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे, फक्त झटकायचं काम ॲलर्जीवाल्याने करायचं नाही. कापसाची जुनी उशी बदला, उशीला आणि गादीला झिपवालं बंद कव्हर घाला. टेडी धुता येत नसेल तर पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात आणि मग झटकून घेतात. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पण खरं सांगायचं तर यातली एकच गोष्ट करून फार काही होत नाही, तीन-चार गोष्टी एकत्र आणि कायम केल्या तर फरक कळतो. भिंतीला ओल असेल तर आधी गळती दुरुस्त, मग रंग.

उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल यांचा धूर झोपायच्या खोलीत नको. देवघरात उदबत्तीऐवजी समई किंवा निरांजन लावा.

ड्रॉपच्या बाटलीबद्दल जरा कडक बोलते

बाटलीवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलंय का बघा. नाक दहा मिनिटांत मोकळं होतं म्हणून लोकांना ही फार आवडते. ती नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवते, बस, ॲलर्जीवर काहीच करत नाही. आणि हे सावकाराच्या कर्जासारखं आहे, आज सुटलात की उद्या व्याजासकट परत: सलग चार-पाच दिवसांच्या पुढे टाकत राहिलात की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा ड्रॉप, मग दोन तासांनी पुन्हा. वर्षानुवर्षं खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसं आहेत, रात्री उशाशी बाटली नसेल तर झोप लागत नाही म्हणतात. सर्दीने नाक फारच बंद असेल, विमानाने जायचं असेल, तर तीन दिवस वापरा, जास्तीत जास्त पाच, आणि मग बाटली फेकून द्या.

अडकलाच असाल तर सुटायची एक पद्धत डॉक्टर सांगतात. स्टेरॉइडचा स्प्रे रोज सुरू करायचा आणि ड्रॉप आधी एकाच नाकपुडीत बंद करायचा, दुसऱ्या नाकपुडीने श्वास चालू राहतो म्हणून माणूस घाबरत नाही. पहिली नाकपुडी सुटली की मग दुसरी. ते काही दिवस वाईट जातात, उशी जरा उंच घ्या, मिठाच्या पाण्याचा स्प्रे कितीही वेळा मारा, पण मागे फिरू नका.

गोळ्या

जुन्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन वगैरे, ज्या सर्दीच्या मिक्स गोळ्यांमध्ये असतात, त्या मेंदूपर्यंत पोचतात, झोप आणतात, तोंड कोरडं करतात, प्रोस्टेटचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांची लघवी अडवू शकतात. घेऊन गाडी चालवायची नाही, ट्रॅक्टर पण नाही. नवीन गोळ्या म्हणजे सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन. यातल्या पहिल्या दोन काहींना पेंग आणतात म्हणून रात्री घ्या, फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिन जवळपास आणत नाहीत. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसासोबत घेऊ नका, साध्या पाण्याने घ्या, आणि ॲसिडिटीचं औषध त्याच वेळी नको. बिलास्टिन रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी. एवढ्या बारीक गोष्टी कुणी सांगत नाही आणि मग गोळी "चालत नाही". अजून एक, सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्महिने रोज घेऊन अचानक बंद केली की काहींना अंगभर जोरात खाज सुटते, अमेरिकेच्या एफडीएने २०२५ मध्ये तशी सूचनाही काढली आहे, तसं झालं तर नवीन रोग झाला म्हणून घाबरू नका, डॉक्टरांना सांगा.

लेव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्टची जोडगोळी आपल्याकडे चण्या-फुटाण्यांसारखी खपते. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना, मुलांनाही, वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, अगदी जीव द्यायचे विचार असे त्रास होऊ शकतात म्हणून एफडीएने मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आणि साध्या नाकाच्या ॲलर्जीला दुसरं औषध चालत असेल तर हे टाळा असं सांगितलं. दमा असेल तर त्याचा उपयोग असतो, तेव्हा डॉक्टरांनी दिली असेल तर मनाने बंद करू नका, पण पोरगं अचानक रात्री दचकून उठायला लागलं तर हे औषध सुरू आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. आणि जुनी चिठ्ठी दाखवून दोन वर्षं तीच पट्टी नेत राहू नका.

मिक्स गोळ्यांमध्ये नाक मोकळं करायला म्हणून जे फिनाइलेफ्रिन असतं ते तोंडाने घेतलं तर नाकावर काम करत नाही असं एफडीएच्या तज्ज्ञांच्या समितीने २०२३ मध्ये एकमताने म्हटलं. बीपीवाल्यांनी तर ते टाळावंच. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं एकत्र सिरप ४ वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही अशी सूचना आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिलेली आहे, तरी लोक मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला पाजतात. प्लीज नका करू.

पाण्यासारख्या गळणाऱ्या नाकाला अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही. शेंबूड पिवळा झाला म्हणूनही लगेच नाही. आणि "एक इंजेक्शन मारलं की सीझन निघून जातो" म्हणतात ते बहुतेक लांब काम करणाऱ्या स्टेरॉइडचं असतं, शुगर वाढवतं, हाडं ठिसूळ करतं. त्यापेक्षा नाकातल्या नाकात काम करणारा स्प्रे हजारपट बरा.

स्प्रे: सगळ्यात चांगलं औषध, सगळ्यात चुकीचं वापरलं जाणारं

फ्ल्युटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड. स्टेरॉइड शब्द ऐकला की लोक बाटली काउंटरवरच ठेवतात. ऐका, यात डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात ५०, आणि त्यातला रक्तात पोचणारा भाग १ टक्क्याहून कमी. वजन वाढणं, तोंड सुजणं हे गोळ्या-इंजेक्शनचे त्रास आहेत. सवय लागत नाही, सवय लागते ती वरच्या ड्रॉपची, आणि लोक नेमकं उलटं समजतात. मोमेटासोन २ वर्षांच्या पुढच्या मुलांनाही डॉक्टर देतात, महिनोन्महिने चालू असेल तर मुलाची उंची मधूनमधून मोजतात एवढंच.

दुसरी गोष्ट, हा मारल्या मारल्या नाक मोकळं होत नाही. थोडा फरक दिवसभरात वाटतो, पण खरा जोर यायला रोज न चुकता एक ते दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बाटली कपाटात जाते, माझ्या मते नाकाच्या ॲलर्जीतलं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. दात घासायला जातो तेव्हाच स्प्रे मारायचा अशी वेळ बांधून घ्या. सीझन ठरलेला असेल तर तो सुरू व्हायच्या आठ-पंधरा दिवस आधीच चालू करा.

मारायची पद्धत. नाक हळू शिंकरून घ्या, फार शेंबूड असेल तर आधी मिठाच्या पाण्याने धुऊन दहा मिनिटं थांबा. बाटली हलवा. नवीन असेल किंवा आठवडाभर वापरली नसेल तर बारीक तुषार येईपर्यंत हवेत दाबा. मान मागे टाकायची नाही, उलट किंचित खाली, पायाच्या बोटांकडे बघितल्यासारखी. आता उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात. असं का, तर हात आडवा गेला की नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने होतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर तो कोरडा पडून रक्त येतं, नाकातून रक्त येतंय म्हणून स्प्रे सोडणाऱ्यांचं बहुतेक हेच चुकलेलं असतं. दाबताना श्वास अगदी हळू आत, वास घेतल्यासारखा. जोरात ओढला तर औषध घशात जातं, कडू लागतं आणि नाकाला काही मिळत नाही. नंतर लगेच शिंकरू नका. मोठ्यांना मोमेटासोन साधारण दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे दिवसातून एकदा असतं, त्रास आटोक्यात आला की डॉक्टर एक-एक करतात. रक्त आलंच तर दोन दिवस थांबून पद्धत सुधारून परत सुरू करा, वारंवार आलं तर दाखवा.

एकट्या स्प्रेने भागत नसेल तर फ्ल्युटिकासोनसोबत ॲझेलास्टिन असलेला स्प्रे येतो, तो लवकर काम करतो, पण चव कडू आहे.

त्रास आठवड्यात चार दिवसांपेक्षा कमी आणि हलका असेल तर लागेल तशी गोळी पुरते. चार दिवसांपेक्षा जास्त, महिन्याच्या वर, किंवा झोप-काम-अभ्यास बिघडत असेल तर रोजचा स्प्रेच लागतो. जगभरातले डॉक्टरही साधारण याच मोजमापाने जातात.

मिठाचं पाणी

जलनेती आपल्याला नवीन नाही, आणि ॲलर्जीत तिचा खरंच फायदा होतो, चिकटलेले परागकण, धूळ, शेंबूड धुऊन निघतो आणि त्यानंतर मारलेला स्प्रे नीट पोचतो. पाव लिटर पाण्याला अर्ध्या चमच्याला किंचित कमी मीठ (चहाचा चमचा, सपाट), चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी झालं तर नाक झोंबतं, त्यामुळे झोंबलं म्हणून अजून पाणी घालू नका. पाणी उकळी आल्यावर किमान मिनिटभर खळखळ उकळायचं आणि कोमट होऊ द्यायचं. नळाचं, बोअरचं, आरओचं पाणी थेट नाही म्हणजे नाही. साध्या पाण्यात राहणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो, असे जीवघेणे रुग्ण केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये सापडलेत, दुर्मिळ आहे पण उकळण्याइतक्या सोप्या गोष्टीसाठी धोका कशाला. बेसिनवर वाका, तोंडाने श्वास घ्या, एका नाकपुडीतून घालून दुसरीतून येऊ द्या. भांडं रोज धुऊन वाळवा. कान दुखत असेल तर करू नका. लहान मुलांना नेती नको, मेडिकलमध्ये सलाइनचे थेंब किंवा स्प्रे मिळतात ते वापरा.

वाफ, बाम, धुरी, तेल

वाफेने घटकाभर बरं वाटतं, ॲलर्जीवर उपाय नाही. घ्यायचीच तर मोठ्या माणसाने. मुलाला उकळत्या पातेल्यासमोर चादरीखाली बसवणं अजिबात नको, पातेलं कलंडून भाजतात मुलं. बाममधल्या मेंथॉलने नाक मोकळं झाल्यासारखं फक्त वाटतं, नाकपुडीच्या आत लावू नका. कापूर तान्ह्या बाळाजवळ नको.

बाळंतिणीच्या खोलीत बाळाला शेक-शेगडी, ओवा-वेखंडाची धुरी देतात. आजी प्रेमानेच करते, पण धूर नवजात फुप्फुसांना आणि नाकाला त्रासच देतो. बाळाच्या नाकात तेल-तूप सोडणंही बंद करा, तेल श्वासात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आजीशी भांडू नका, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, ते ऐकतात.

टेस्ट आणि लस

औषधं नीट घेऊनही त्रास राहिला तरच टेस्टचा खर्च करा. हातावर थेंब टाकून बारीक टोचून करतात ती स्किन प्रिक टेस्ट, १५-२० मिनिटांत कळतं, फक्त ॲलर्जीच्या गोळ्या आधी पाच-सात दिवस बंद ठेवाव्या लागतात. रक्तातलं एकूण आयजीई वाढलंय एवढ्यावरून काही ठरत नाही, जंत असले तरी वाढतं. आणि दोनशे पदार्थांचं पॅकेज, केसांवरून किंवा रक्तातल्या आयजीजी नावाच्या दुसऱ्याच प्रतिद्रव्यावरून खाण्याची ॲलर्जी, यात पैसे घालू नका, त्यातून निघालेल्या लांबलचक यादीने माणूस विनाकारण उपाशी राहतो.

मुळावर काम करणारा उपचार इम्युनोथेरपी, म्हणजे ॲलर्जीची लस. ज्याची ॲलर्जी तेच अगदी थोड्या मात्रेत वाढवत वाढवत देतात, इंजेक्शनने किंवा जिभेखाली. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांवर हे पहिल्यांदा मांडलं होतं, म्हणजे कालचं फॅड नाही. पण तीन ते पाच वर्षं चिकाटी लागते, टेस्टमध्ये निघालेलं कारण आणि तुमचा प्रत्यक्ष त्रास जुळायला हवा, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबायचं कारण क्वचित जोराची रिॲक्शन येते. जिथे ॲड्रिनलिन (अशा रिॲक्शनवर लगेच द्यायचं इंजेक्शन) तयार ठेवत नाहीत तिथे घेऊ नका. दमा आटोक्यात नसेल तर आधी दमा.

गरोदर असाल तर यातलं काहीच मनाने नको, मिठाचं पाणी तेवढं चालेल. गरोदरपणात हार्मोन्समुळेही नाक चोंदतं, बाळंतपणानंतर सुटतं.

लगेच डॉक्टर

एकाच बाजूचं नाक कायम बंद, किंवा एकाच बाजूने रक्त. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड, आत मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असतो, घरी काढायचा प्रयत्न करू नका, अजून आत जातो. डोक्याला मार लागल्यानंतर वाकलं की एका बाजूने स्वच्छ पाणी टपकणं, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. डोळ्याभोवती सूज, दिसायला त्रास, तीव्र डोकेदुखी, मोठा ताप. शुगरवाल्याचा चेहरा एका बाजूला दुखतोय, बधिर झालाय, नाकात काळी खपली आहे, तर त्याच दिवशी, २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीच्या आजाराने) आपल्या महाराष्ट्राने काय पाहिलं ते विसरू नका. सर्दी दहा दिवसांनंतरही तशीच किंवा बरी होऊन परत उलटली आणि गाल-कपाळ ठणकतंय, हा खरा सायनसचा संसर्ग असू शकतो. आणि छातीत घरघर, रात्रीचा कोरडा खोकला, जिना चढताना दम: नाक आणि फुप्फुसं एकाच वाटेवर आहेत, नाकाच्या ॲलर्जीसोबत दमा असणं नेहमीचं आहे, आणि नाक सांभाळलं की दमाही सोपा जातो.

जाताना ती महिनाभराची नोंद, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि स्प्रेची बाटली सोबत न्या, आणि डॉक्टरांसमोर एक फवारा मारून दाखवा, हात बरोबर आहे का ते त्यांना बघू द्या.